डोह राखणारी वाडी

आधीच सांगून ठेवते, मी शुद्ध लिहिणार न्हाई. येत न्हाई असं न्हाई. दहावी पास आहे मी, अंगणवाडीत मदतनीस होते, रजिस्टरं सगळी शुद्धच भरली. पण आमचा डोह ज्यांनी खाल्ला ते सगळे शुद्ध लिहिणारे होते, तवापासून मला त्याची चीडच बसली. आणि गावाचं नाव बी मी सांगणार न्हाई. काहून, ते शेवटपर्यंत वाचलं की कळंल.

गाव गोदावरीच्या काठाला आहे एवढं सांगते. नदीच्या अलीकडं जालना, पलीकडं बीड. जालना जिल्हा नवा झाला तवा मी तिसरीत होते. गुरुजींनी फळ्यावर नकाशा काढला, नदीवरून खडूची रेघ ओढली आणि म्हणाले, ही आपल्या जिल्ह्याची हद्द. घरी येऊन मी दादाला, म्हणजे माझ्या बापाला, विचारलं की मासा रेघंच्या पलीकडं गेला तर मंग तो कुणाचा? दादा जाळं विणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "ज्याच्या कालवणात पडंल त्याचा. जा, पाणी आण."

आम्ही भोई. अलीकडं आमची पाच घरं, पलीकडं पाच, आणि मधी डोह. पलीकडच्या पाचातलं एक घर माझ्या आत्याचं, दादाच्या थोरल्या बहिणीचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती लुगडं घोट्याच्या वर धरून वाळूतून माहेरी चालत यायची. दोन जिल्हे ओलांडून आली म्हणून दादा तिची चेष्टा करायचा, "पासपोट आणला का गं?" ती म्हणायची, "तुझ्या जिल्ह्याला म्हणावं आधी चहा टाक."

हा डोह म्हणजे आमचं सगळं. होळीनंतर नदी आटत जाते, वाळूच वाळू, इथं तिथं डबकी, आणि मधी हा एक डोह. लांबलांबचा मासा जीव वाचवायला त्यात येऊन बसतो. मरळ, वांब, रोहू, सगळे. पुढच्या साली नदीत जे काही पोहायचं त्याच्या आया त्या डोहात. तवा तिथं जाळं टाकलं तर काय, लेकरू बी टोपलीभर काढील. पण एकदा काढलं की पुढच्या साली दहाच्या दहा घरांनी वाळू खायची. म्हणून होळीपासून नवं पाणी येईस्तोवर डोहात जाळं टाकायचं न्हाई, हा दोन्ही काठांचा नेम.

आता नेम कुणीबी करील हो. राखायचा कुणी? एवढे महिने उन्हात काठावर कोण बसंल, आणि बसंल तर त्याचं घर कोण चालवील? शिकलेली माणसं इथंच येऊन अडतात. आमच्या आज्या-पणज्यांना शाळा नव्हती, पण डोकं होतं. डोहाला लागून वाळूचा एक पट्टा आहे. हातभर उकरलं की ओल लागते, टरबुजाला अशी जागा सगळ्या नदीत न्हाई. तो पट्टा दरसाल एका घराला द्यायचा. एक साल अलीकडच्या घराला, एक साल पलीकडच्या, बारी-बारीनं. म्हणजे एका घराची बारी दहा वर्षांनी. ज्याची बारी त्यानं पौषात वाळूत खड्डे घ्यायचे, शेणखत भरायचं, बी टोचायचं आणि त्या वाडीत, म्हणजे टरबुजाच्या मळ्यात, खोप घालून तिथंच राहायचं. टरबूज राखता राखता डोह राखला जातो. त्याला वेगळा पगार न्हाई, वर्गणी न्हाई. टरबुजं सगळी त्याची, दुसऱ्यानं एक फाक बी मागायची न्हाई.

आणि त्याच्या बारीत डोहात जाळं पडलं, मंग ते कुणीबी टाकलेलं असो, तर मारामारी न्हाई, पोलीस न्हाई. त्यानं काठावर उभं राहून ओरडायचं, "वाडी मोकळी!" की दहाही घरांनी येऊन वेलावरची टरबुजं उचलून न्यायची. बस्स, एवढीच शिक्षा. पुढं पूर आला की वाळू धुऊन न्यायचा, पट्ट्यावरची मालकी बी त्याच्यासंगं वाहून जायची. माझा पट्टा, माझा सातबारा, असं म्हणायची कुणाला सोयच नव्हती.

ती ओरड मी आयुष्यात एकदाच ऐकली. तीच सांगून राह्यले.

आत्याचा नवरा वारला, त्याच्या तिसऱ्या साली तिच्या घराची बारी आली. लेक सासरी, लेकरू दुसरं न्हाई. पलीकडच्या दोघा जणांनी कुरकुर सुरू केली, एकटी बाई काय राखती, बारी पुढच्या घराला द्या. हे दिसतं तेवढं साधं नव्हतं. एकदा बारी टळली की ते घर मोजणीतून गेलंच समजा. पुढं कुणी म्हणणार, आता पलीकडं चारच घरं. आत्या दोन्ही काठांच्या बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, "माझा नवरा राखायचा तवा खोपीत कोण बसायचं? तो बाजारात, आणि मी खोपीत. आता न्हाई म्हणणाऱ्यानं माझ्या तोंडावर म्हणावं." कुणाची टाप होती? पण मनात सगळ्यांच्या होतं की बघू, कशी राखती ते. आत्याचं सगळं त्या एका उन्हाळ्यावर होतं.

आता माझं सांगते. माझंच तोंड खराब.

त्याच हिवाळ्यात आमच्याकडं एक योजना आली. पाणी राखा, मासे राखा, लोकांनी मिळून राखा, अशी. समिती करायची म्हणाले, आणि समितीत बाई पाहिजे, लिहिता-वाचता येणारी. गावातच, आमच्या पाचातल्याच एका घरात लग्न होऊन राहिलेली, दहावी झालेली, अंगणवाडीवाली, अशी मीच. झाले सचिव! मंग जालन्याला दोन दिवसांची कार्यशाळा. घनसावंगीहून जीपमधी कोंबून गेले, मस्तगडाकडं एका हॉलात नेलं. एक पिशवी दिली, पेन दिला, दोनदा चहा-बिस्कीट. मी आपली हरखून गेल्ते, खोटं कशाला बोलू.

तिथं मुंबईकडून एक समुद्राचे साहेब आल्ते. जालन्यात समुद्र! जिथं नळाला पाणी कधी येईल ते देवाला ठाऊक न्हाई, तिथं त्यांनी भिंतीवर निळी निळी चित्रं दाखवली. पण माणूस वाईट नव्हता, बोलणं पटत होतं. म्हणाले, समुद्र सगळ्यांचा, म्हणून कुणाचाच न्हाई. या राज्याच्या होड्या येतात, त्या राज्याच्या येतात, ज्या महिन्यांत मासा अंडी घालतो त्या महिन्यांत बी जाळी पडतात. राखायला माणसं ठेवली, बोटी दिल्या. पण बाहेरून आलेला पैसा संपला की राखण संपली. मंग पैसा आणायचा कुठून, आणि राखणाऱ्याला त्या पाण्याची कळकळ राहील असं करायचं कसं, याच्यावर तुमचं काय म्हणणं?

पंचायतीचे, सोसायटीचे, सगळे बिस्किटाकडं बघून राह्यले. आणि मी हात वर केला. आमचा पट्टा सांगितला, बारी सांगितली, "वाडी मोकळी" सांगितलं. यंदा माझ्या आत्याची बारी आहे, हे बी सांगितलं. समुद्राचे साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, "बाई, आम्ही देशोदेशी जे शोधतोय ते तुमच्या वाळूत आहे. राखणीचा खर्च राखणीतूनच निघतो, आणि राखण चुकली तर उत्पन्न जातं. याच्याहून चोख काय असतं?" टाळ्या पडल्या. आमच्या जिल्ह्याचे योजनेचे साहेब सगळं लिहून घेत होते. दोन जिल्ह्यांची माणसं, नदीपात्रातली वाळू, पट्टा कुठल्या बाजूला, रुंदी किती. मी सगळं सांगितलं, अगदी पावलं मोजल्यासारखं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढं पंधरा दिवसांनी साहेब गाडी घेऊन वाडीवर आले. आत्यानं त्यांना गुळाचा चहा पाजला. खोपीपुढं उभं करून तिचा फोटो काढला, ती हसायला तयार न्हाई, मीच तिला हसवलं. जाताना त्यांनी डोहाच्या काठावर लोखंडी खांबाची पाटी रोवली, "येथे मासेमारीस मनाई आहे". आत्या म्हणाली, "ही कुणासाठी? माशाला वाचता येतं का?" मी तिच्यावर चिडले, म्हटलं तुला काही कळत न्हाई आत्या, सरकार आता आपल्या बाजूनं आहे.

चैत्रात टरबुजं डोक्याएवढी झाली. मस्तगडचा एक फळवाला चाचा वाडी बघून गेला, टरबुजावर थाप मारून म्हणाला, "ये तो आठ दिन में उतारो, माँ." आणि त्याच आठ दिवसांत कागद आला. नदीपात्रातल्या सरकारी वाळूवर अनधिकृत लागवड. अतिक्रमण! तीन दिवसांत काढा.

मी तो कागद चार वेळा वाचला. त्यात पट्ट्याची रुंदी होती, कुठल्या बाजूला ते होतं, आणि पलीकडच्या जिल्ह्यातली बाई इकडच्या वाळूत पीक घेते, हे बी होतं. आणि खाली लिहिलं होतं की सदर माहिती अमुक कार्यशाळेच्या अहवालातून प्राप्त. म्हणजे माझ्या तोंडातून प्राप्त. त्या अहवालाची एक-एक प्रत सगळ्या कचेऱ्यांना माहितीसाठी गेल्ती. एकीनं वाचून वा वा केलं, दुसरीनं वाचून नोटीस काढली. एकाच कागदावर!

मी पदर खोचला आणि जालन्याला गेले. योजनेचे साहेब म्हणाले, "ताई, मी काय करू? आमचं काम संवर्धनाचं. वाळू आमच्याकडे येत नाही." मी म्हटलं, मंग कुणाकडं येते? तर म्हणाले, वाळू महसुलाची, पाणी पाटबंधाऱ्याचं, मासे आणखी तिसऱ्या खात्याचे. वा रे वा! मासा एकाचा, पाणी दुसऱ्याचं, वाळू तिसऱ्याची, आणि आत्या कुणाचीच न्हाई. वर मला समजावून राह्यले, "काळजी करू नका, पगारी राखणदाराचा प्रस्ताव आम्ही वर पाठवलाय." मी विचारलं, पगार कुठून देणार आणि किती दिवस? समुद्राच्या साहेबांनी हेच तर विचारलं होतं ना तुमच्यासमोर? ते फायलीत बघत बसले. उंटावरून शेळ्या हाकणारी जात ही, खाली उतरून शेळीला पाणी पाजायची न्हाई.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. तलाठी लांब बाभळीखाली उभा, म्हणतो, "वरून आलंय, माझ्या हातात काय न्हाई." निम्मी वाडी त्यांनी फाळानं उलटीपालटी केली. टरबुजं फुटली, वाळू लाल झाली. खोप मोडली. आत्याला म्हणाले, तुमच्या जिल्ह्यात जा. ती जागची हलली न्हाई, तर दोघांनी तिच्या भांड्याकुंड्यांचं गाठोडं पलीकडच्या काठावर नेऊन ठेवलं. निम्मी वाडी तशीच टाकून गेले. डिझेल संपलं का कंटाळले, त्यांनाच ठाऊक. पुढं दोघं कचेरीचे शिपाई रोज येऊन बसायला लागले, आत्यानं वाळूत पाय ठेवला की हाकलायचे. दादा आणि बाकीचे बसायला गेले तर त्यांना बी हाकललं. चौथ्या दिवशी शिपाई आलेच न्हाईत.

त्या दिवशी आष्टीचा बाजार. शिपाई असतीलच म्हणून दोन्ही काठांचे सगळे, आत्या बी, बाजाराला गेल्ते. भर दुपारी एक टेम्पो आला, कुणाचा कुठला अजून कळलं न्हाई. बारीक भोकाचं मोठं जाळं आणलेलं. अंगणवाडी सोडून मी नदीकडं धावले तवर जाळं ओढून राह्यले होते. आणि जाळ्याचा दोर कशाला बांधला होता माहितीये? त्या पाटीच्या खांबाला. "येथे मासेमारीस मनाई आहे". खांब मजबूत, हलला बी न्हाई. मी बोंब मारली, दगड मारले, एक जण माझ्याकडं बघून हसला. वीतभर लांबीची पिल्लं बी त्यांनी सोडली न्हाईत. माझ्या अंगाची लाही लाही झाली, आज बी होते.

संध्याकाळच्या आधी बाजारातून सगळे परतले, दोन्ही काठांवर उभे राहिले. कुंपणानं शेत खाल्लं, आता दाद कुणाकडं मागायची? आणि पलीकडून आत्या पाण्यात उतरली. कमरेइतक्या पाण्यातून अलीकडं आली, उरलेल्या निम्म्या वाडीत जाऊन उभी राहिली, आणि सगळ्या नदीला ऐकू जाईल अशी ओरडली, "वाडी मोकळी!"

मी म्हटलं, "आत्या, काहून गं? तुला तर हाकलून दिलं होतं. तुझा काय कसूर?"

ती म्हणाली, "कुणीबी टाको जाळं, असं आहे नेमात. मी बारी घेतली ती बाई म्हणून सूट मागायला न्हाई घेतली."

कुणी पुढं होईना. बारी देऊ नका म्हणणारे ते दोघं तर मान खाली घालून उभे. आत्या परत ओरडली. मंग दादा गेला. ज्यानं कधी बहिणीकडून चहाबिगर काही घेतलं न्हाई, त्यानं वाकून एक टरबूज तोडलं, आणि ढसाढसा रडायला लागला. त्याच्यामागं एकेक घर आलं. एकेक टरबूज घेऊन गेलं. शेवटी तिनं एक माझ्या हातात दिलं, "घे, तू बी दहातलीच."

मला ते धरवेना. म्हटलं, "आत्या, मीच सांगितलं गं सगळं. टाळ्यांसाठी सांगितलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता थोबाडीत देईल, आणि दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "खरंच सांगितलंस ना? मंग सांगण्यात चूक न्हाई पोरी. कुणाला सांगतो ते बघावं माणसानं." आणि तुटक्या वेलांतून गाठोडं शोधत निघाली. ते पलीकडं आहे, हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

पुढच्या साली नदीत मासा न्हाई. त्याच्या पुढच्या साली वाळूच्या ट्रका आल्या आणि पट्टा बी गेला. तरी दहा घरांत आत्याचं घर कुणी मोजायचं सोडलं न्हाई, एवढंच पदरात पडलं.

बरीच वर्षं गेली. मला परत बोलावणं आलं, परत जालना, परत हॉल. एक गुळगुळीत पुस्तिका हातात दिली. पान उघडलं तर आत्याचा फोटो, खोपीपुढं, हसणारी. खाली छापलेलं, लोकसहभागातून जलसंवर्धनाचा यशस्वी आणि नावीन्यपूर्ण नमुना, आजही या डोहात मासे सुरक्षित आहेत. आजही! अरे, एकदा तरी येऊन डोकावायचं होतं. तिथं आता गुडघ्याएवढं पाणी आहे, त्यात म्हशी बसतात. बोलाचाच भात, बोलाचीच कढी, आणि आत्याचा फोटो तोंडी लावायला.

साहेब नवे होते, पोरसवदा, बोलायला गोड. म्हणाले, "मावशी, तुमचं उदाहरण आम्ही सगळीकडे सांगतो. असं आणखी कुठे चालतं का तुमच्या भागात? आम्हाला नोंद करायची आहे." पेन उघडून बसले.

आहे की. वरच्या अंगाला, किती वर ते सांगणार न्हाई, एक दुसरा डोह आहे, लहान. दोन्ही काठांनी मिळून धरलाय. आत्यानंच आधी दाखवला, पाय थकले होते तरी काठी टेकत गेली आणि वाळूत हात खुपसून म्हणाली, इथं ओल आहे. दहा घरं तीच, नेम तोच. पहिली बारी तिलाच दिली, दहाही घरांनी, एकमुखानं. मरळीची पिल्लं परत दिसायला लागली आहेत. आणि त्या साली बारी माझ्या घराची होती. सकाळी खड्ड्यांत पाणी घालून तशीच जीपमधी बसून आल्ते मी.

साहेब वाट बघून राह्यले होते. माझ्या नखांत वाळू होती. मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"न्हाई साहेब," म्हटलं, "असलं काही आमच्यात आता राहिलं न्हाई."